फोर्थ शिफ्टचं नवं गाणं

शरदचंद्र देवासच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका गिअरच्या कारखान्यात सुपरवायझर होता. पण गावात त्याची चौकशी केली तर हे कोणी सांगितलं नसतं. "शरदचंद्र? कौन शरदचंद्र?" म्हणून माणूस आधी डोकं खाजवायचा आणि मग एकदम उजळायचा, "अच्छा, वो भेंडी वाले भिया!"

भेंडीची हकिकत अशी. कारखान्यात पाळ्या तीन, म्हणून तीन कामगारांनी एकोणऐंशी साली काढलेल्या बँडचं नाव ठेवलं 'फोर्थ शिफ्ट'. गिटार आणि गाणं शरदचंद्रचं. ड्रम भूपेंद्रचे. भूपेंद्रचे पूर्वज देवासच्या पवार संस्थानिकांकडे घोड्यांची खोगिरं शिवायचे, हा नोकरी सोडून जीपच्या सीटांची कव्हरं शिवायला लागला, म्हणजे घराणं बसण्याच्या सोयीतच राहिलं. बेस गिटार मानाजीची. तोही पुढे पिथमपूरला टर्नर म्हणून लागला, धारला राहायचा आणि दिवसाकाठी चार वाक्यं बोलायचा. आपण रॉक बँड आहोत याविषयी तिघांना कधी शंका आली नाही. ऐकणाऱ्यांना मात्र ते ऑर्केस्ट्रावाले वाटायचे, तेही गाणारी बाई न आणलेले.

एक्क्याऐंशी साली कारखान्याच्या वार्षिक समारंभात शरदचंद्रनं स्वतःचं एक गाणं म्हटलं. गाणं जेवणाच्या डब्यावर होतं. तो ओरडायचा, "डब्यात काय?" आणि हजार कामगार उलट ओरडायचे, "भेंडी!" बस, एवढंच. दुपारच्या सुट्टीत पंधरा मिनिटांत लिहिलेलं ते गाणं गणपतीत, लग्नात, एका निवडणुकीच्या सभेत आणि एकदा तर सत्यनारायणानंतरसुद्धा वाजलं. सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी माणसाच्या हातून एखादी चूक होते आणि ती जन्माला पुरते, तशी त्याला भेंडी पुरली. घरी तो भेंडी खात नसे.

अलका, त्याची बायको, म्हणायची, "लोकांना वाटतं मी भेंडीशिवाय दुसरं काही करतच नाही."

पुढे अठरा वर्षं गेली. या अठरा वर्षांत शरदचंद्रनं वहीत गाणी लिहिली, खोडली, परत लिहिली, आणि नव्व्याण्णव साली इंदूरच्या एका स्टुडिओत आठ नव्या गाण्यांची कॅसेट काढली. त्यातलं एक गाणं त्याच्या जिवाचं होतं. नव्वद साली देवासला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली होती. तेव्हा एकदा तो पहिली पाळी करून सायकलवर घरी येत होता आणि टँकरच्या रांगेत पन्नास बायकांत एक बाई त्याला दिसली. उन्हानं लाल झालेली, पदर खोचलेली, पुढच्या बाईशी काहीतरी बोलून खळखळून हसणारी. 'काय सुरेख आहे ही,' असं त्याच्या मनात आलं आणि मग लक्षात आलं की ही तर आपलीच अलका. लग्नाला आठ वर्षं झाली होती. तो सायकल धरून तसाच उभा राहिला, हंडा उचलायलाही गेला नाही. त्या गाण्याचं धृपद असं होतं:

रांगेत तू, हंड्यावर ऊन,
येईल नंबर, येईल गं.

हे गाणं लोकांच्या तोंडी बसलं तर आपण भेंडीच्या पलीकडेही कोणीतरी होतो असं म्हणता येईल, नाहीतर चितेवरसुद्धा कोणीतरी 'डब्यात काय?' विचारेल, असं त्याला मनापासून वाटत होतं. हसण्यासारखी गोष्ट होती आणि तो स्वतः हसतही असे. पण वाटायचं ते वाटायचंच.

कॅसेट खपली नाही. निम्म्याहून जास्त दिवाणाखाली राहिल्या. अलकानं त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटल्या. कॉलनीतल्या बायकांना वाटलं भजनाची कॅसेट आहे. दोघींनी ती देवासमोर लावली आणि ड्रम ऐकून एकीच्या सासूबाईंनी जपाची माळ खाली ठेवली, असं नंतर कानावर आलं.

राहता राहिला कार्यक्रम. कार्यक्रमातल्या गाण्यांची यादी लिहायचं काम पहिल्यापासून शरदचंद्रकडे होतं, कारण भूपेंद्र म्हणायचा, "तूच लिही यार, तुझं अक्षर अच्छं आहे." वीस वर्षं ही यादी म्हणजे हमाली होती. आता ती सत्ता झाली. रोज जेवणानंतर शरदचंद्र कागद घेऊन बसायचा आणि मुंजीच्या पंगतीत कोणाला कोणाशेजारी बसवावं याचा विचार करावा तसा गाणी इकडून तिकडे हलवायचा.

पहिला प्रयोग डही नावाच्या गावी झाला. नवं गाणं अगदी सुरुवातीला. लोक ताजेतवाने असतात, कान रिकामे असतात, असा हिशेब. कान रिकामे होते खरे, पण खुर्च्याही रिकाम्या होत्या. सतरंज्या अंथरणारे चार स्वयंसेवक होते. त्यांच्यासमोर शरदचंद्रनं डोळे मिटून रांगेतल्या बाईचं पूर्ण गाणं म्हटलं. डोळे उघडल्यावर त्यातला एक जण म्हणाला, "माइक ठीक आ रिया हे भिया. अब चालू कर दो."

मग भूपेंद्रनं युक्ती सांगितली. "कडू गोळी केळ्यात घालून देतात ना? एक जुनं, मग नवं, मग लगेच जुनं. माणसाला कळायच्या आत पोटात."

बागली गावात तसं केलं. डब्याचं गाणं झालं, मांडव दणाणला, आणि टाळ्या पुरत्या विरायच्या आत शरदचंद्रनं नवं गाणं सुरू केलं. पण एकदा डबा उघडल्यावर लोक काही तो मिटायला तयार नव्हते. "हंड्यावर ऊन" म्हणून त्यानं नेहमीसारखी एक श्वासाची जागा सोडली आणि त्या जागेत सगळी बागली एका सुरात ओरडली, "भेंडी!" दुसऱ्या वेळी त्यानं ती जागा सोडलीच नाही, श्वास न घेता पुढची ओळ म्हटली. तरी लोकांनी भेंडी घातली. गाणं संपलं तेव्हा त्याला धाप लागली होती आणि लोक खूश होते. मानाजी म्हणाला, "चांगलं गेलं." ते त्याचं त्या दिवसातलं तिसरं वाक्य होतं, म्हणून शरदचंद्रनं वाद घातला नाही.

शेवटी ठेवून पाहिलं, तर लोक गाणं संपायच्या आधीच चपला शोधायला लागले. गर्दीत स्वतःची चप्पल शोधणारा माणूस कोणत्याही कलेच्या कामाचा राहत नाही.

आणि मग दोन हजार एक साली सरदारपूरच्या गणपतीत तो चमत्कार झाला. त्या वर्षी कार्यक्रमानंतर आरती होती. आरती टाकून, प्रसाद न घेता कोण उठणार? तेव्हा नवं गाणं बरोबर आरतीच्या आधी ठेवायचं, असं शरदचंद्रनं ठरवलं. पट्टीचा मासेमार जाळं लावतो तसं. भूपेंद्रनं झांज खणकन वाजवली, गाणं सुरू झालं, आणि काय आश्चर्य! पुढच्या ओळीतली म्हातारी माणसं उठून उभी राहिली. मग त्यांच्या मागची. मग सगळा मांडव उभा. टाळ्या सुरू झाल्या, त्याही ठेक्यात.  शेवटचं कडवं शरदचंद्रनं अर्धं गायलं आणि अर्धं गिळलं.

घरी आल्यावर त्यानं अलकाला उठवून सांगितलं. "उभे राहिले गं! सगळेच्या सगळे! तुझ्यावरच्या गाण्याला!"

दोन दिवस तो कारखान्यात अलगद चालत होता. तिसऱ्या दिवशी मानाजीचा धारहून फोन आला. "शरद, सांगू की नको असं झालं. झांज वाजल्यावर त्यांना वाटलं आरती सुरू झाली. मी बाजूला होतो, मला दिसलं. गुरुजींनी तबकात निरांजन लावलं होतं आणि तुझं गाणं संपेपर्यंत ते गणपतीसमोर ओवाळत होते."

शरदचंद्रनं फोन ठेवला आणि मोठ्यानं हसला. मग हसता हसता खुर्चीत बसला. अलकाला सगळं कळलं होतं. ती म्हणाली, "माझी आरती झाली म्हणजे काही लहान गोष्ट नाही." पण त्यानं काही ते हसण्यावारी नेलं नाही.

खरं तोंडात मारलं ते इंदूरनं. दोन हजार दोनच्या डिसेंबरात मुंबईचा एक जुना रॉक बँड इंदूरला आला. याच बँडच्या तबकड्या ऐकून शरदचंद्र गिटार शिकला होता, एका अर्थी भेंडीचं पाप त्यांच्याच माथी होतं. तिघंही गेले. मैदान भरलेलं होतं. पन्नाशी उलटलेले ते सगळे स्टेजवर आले, ओळखीची गाणी एकामागून एक सुरू झाली आणि शरदचंद्र खुर्चीवर उभा राहून नाचला. गुडघा दुखत होता तरी नाचला. मग गायक माइकपाशी आला, कपाळाचा घाम पुसला, जरा संकोचून हसला आणि म्हणाला, "आता आमच्या नव्या अल्बममधलं एक गाणं."

त्यानंतर काय झालं ते शरदचंद्रला नीट आठवत नव्हतं. निर्णय असा काही झालाच नाही. पाय आपले आपण चालायला लागले. तो भानावर आला तेव्हा मैदानाच्या कडेला कचोरीच्या गाडीसमोर उभा होता, हातात द्रोण होता, आणि त्याच्या पुढे, पाठमोरे, भूपेंद्र आणि मानाजी उभे होते. भूपेंद्र वळला. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मागे स्टेजवर तो म्हातारा जीव तोडून गात होता.

 भूपेंद्रनं कचोरी मोडली, चटणीत बुडवली आणि म्हणाला, "देख लिया? आपण तिघं गाणारे. आपणच उठलो. मग आता डहीच्या नि बागलीच्या लोकांवर रागवायचं कोणत्या तोंडानं?"

"गाणं कसं आहे त्यांचं?" शरदचंद्रनं विचारलं.

"ऐकलं कोणी?"

परतीच्या बसमध्ये ठरलं. येत्या गणपतीपर्यंत रांगेचं गाणं यादीत राहील. तोवरही लोकांच्या मनात बसलं नाही तर ते कायमचं काढायचं, आणि पुन्हा नव्या गाण्याचं नाव काढायचं नाही. अट भूपेंद्रनं घातली, पण मान शरदचंद्रनं स्वतः हलवली. मानाजी खिडकीतून बाहेर बघत होता. तो म्हणाला, "मला आवडतं ते गाणं," आणि पुन्हा बाहेर बघायला लागला.

दोन हजार तीनच्या गणपतीत देवासच्या मंडळानं बोलावलेली बाहेरची मंडळी ऐनवेळी आली नाहीत, आणि मंडळाचे सेक्रेटरी मोरोपंत घाईघाईनं शरदचंद्रच्या दारात आले. पाच दिवस रोज संध्याकाळी दीड तास बँड वाजवायचा, असं म्हणाले. मोरोपंत शिस्तीचा माणूस. इतकी वर्षं मंडळाचा चहा ट्रेमधून खुर्च्यांमध्ये फिरायचा, कोणाच्या साडीवर सांडायचा, पुढच्यांना दोनदा मिळायचा आणि मागच्यांना वासच. त्या वर्षी त्यांनी फर्मान काढलं होतं: चहा मांडवाच्या मागे एका टेबलावर मिळेल, आणि ज्याला हवा त्यानं रांगेत उभं राहायचं. रांगेतल्या लोकांना स्टेजवरच्या सूचना ऐकू याव्यात, म्हणून टेबलाच्या डोक्यावर लाउडस्पीकरचा एक कर्णाही बांधला होता.

पहिल्या संध्याकाळची यादी लिहायला शरदचंद्र बसला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे ती कचोरीची गाडी होती. आता केळं नको, जाळं नको. सहा गाणी झाल्यावर त्यानं माइक जवळ घेतला.

"मंडळी, आता आमचं नवं गाणं आहे. मला माहीत आहे, नवं गाणं म्हटलं की पाय शिवशिवतात. मी स्वतः गेल्या वर्षी इंदूरला नव्या गाण्याला उठलो होतो. तेव्हा संकोच नको. मागे चहा आहे. जाके पी लो. सात मिनिटांनी डबा उघडतो."

मांडव खदखदून हसला आणि मग उठला. तीनशे माणसं एकदम, मनावरचं ओझं उतरल्यासारखी. कोणी कोणाला चोरून उठत नव्हतं. शरदचंद्र खाली मान घालून गायला. समोर सोळा माणसं होती. त्यातल्या तीन मांडीवर मूल झोपलेल्या बाया होत्या, त्यांना उठताच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी तर त्यानं घोषणा करायच्या आधीच, गिटारचे पहिले सूर वाजले आणि लोक उठले. भूपेंद्र ड्रमवरून नुसता बघत राहिला. कार्यक्रमानंतर सामान आवरताना तो हळूच म्हणाला, "शरद भिया, मी काही बोलत नाही हां." न बोलता बोलायची त्याची ती पद्धत.

पाचव्या दिवशी दुपारी शरदचंद्रनं यादी लिहिली आणि सातव्या नंबरवर रांगेचं गाणं लिहिलंच नाही. बाप झाला म्हणून कोणी मुलाला रोज मांडवाबाहेर उभं करत नाही. अलका भाजी निवडत होती. तिनं यादी पाहिली आणि परत निवडायला लागली. पन्नाशी आली, त्यानं मनाशी म्हटलं, लोकांना आपलं एकच गाणं येत होतं, एकच येतं, भेंडीसुद्धा पौष्टिक असते म्हणतात. आणि स्वतःच्याच या विनोदावर त्याला रडायला आलं. चष्मा पुसायचं निमित्त करून तो आत गेला.

संध्याकाळी सहा गाणी झाली. सातव्याला त्यानं सरळ डब्याचं गाणं सुरू केलं. "डब्यात काय?"

नेहमीचं "भेंडी" आलं, पण अर्धंमुर्धं, चुकल्यासारखं. लोक एकमेकांकडे बघत होते. काही जण अर्धे उठून परत बसले. त्यानं पुन्हा विचारलं, "डब्यात काय?" मागून एक जाड आवाज आला, "भेंडी बाद में भिया! पहले वो चाय वाला गाना!"

शरदचंद्रला वाटलं कोणीतरी टर उडवतोय. त्यानं गिटारवर हात ठेवला. तेवढ्यात मोरोपंत स्टेजच्या पायरीशी येऊन उभे राहिले, उपरणं सावरत, चिडलेले.

"अहो, आज ते येईल नंबर नाही का?"

"यादीत नाहीये."

"यादीत नाही म्हणजे? मग रांग कशी लागायची?" मोरोपंत म्हणाले. "चार दिवस झाले, ते गाणं सुरू असलं की लोक गुमान रांगेत उभे राहतात. तिथं कर्ण्यातून येतं ना. पहिल्या दिवशी ढकलाढकली करत होते, दुसऱ्या दिवशी कोणीतरी चहावाल्याला ते म्हणून दाखवायला लागलं, आणि काल तर सगळी रांगच म्हणत होती. तुम्हाला इथं स्टेजवर ऐकू येत नाही का?"

त्याला ऐकू येत नव्हतं. स्टेजवर माणसाला फक्त स्वतःचा आवाज ऐकू येतो, त्यातही शरदचंद्रला जरा जास्तच.

त्यानं भूपेंद्रकडे पाहिलं. भूपेंद्र काठ्या हातात धरून तयार बसला होता आणि त्याचं तोंड उघडं पडलं होतं. मानाजीनं काही न विचारता पहिला सूर वाजवला.

मांडव उठला. पाठ फिरवून, खुर्च्या सरकवत, मुलांना ओढत तीनशे माणसं मागे निघाली, आणि जाता जाता गात होती. पहिल्या ओळीला थोडी, दुसरीला सगळी. "येईल नंबर, येईल गं!" काकवा गात होत्या, कारखान्यातली पोरं गात होती, मराठी वाचता न येणारी कॉलेजातली मुलं "येईल"चं काहीतरी भलतंच करून गात होती. समोर एकही तोंड दिसत नव्हतं. नुसत्या पाठी होत्या, पदर, टकलं, वेण्या, आणि त्या सगळ्यांच्या पलीकडून त्याचे शब्द परत येत होते. त्यानं ज्या बाईसाठी ते लिहिले होते ती पहिल्या ओळीत बसायची. आज तीही उठली होती. टेबलाकडच्या रांगेत, पुढच्या बाईशी काहीतरी बोलून ती हसत होती आणि गात होती.

शरदचंद्रला पुढचं कडवं आठवेना.  त्यानं धृपदच परत धरलं, दोनदा, तीनदा. आता संपवावं म्हणून त्यानं भूपेंद्रला खूण केली, तर मांडवाच्या टोकाला मोरोपंत दोन्ही हात हलवताना दिसले.

"थांबू नका!" ते तिकडून ओरडले. "अजून साठ माणसं राहिलीत!"

शरदचंद्रनं डोळे पुसले आणि पाचव्यांदा धृपदावर आला.